नामदेव कंडक्टरचं शेवाळ

डेपोत किस्से कसे जमतात? सीटखाली सापडलेल्या छत्र्यांसारखे! आज एक सापडते, उद्या एक, न्यायला कोणी येत नाही, आणि पाहता पाहता खोली भरते. आमच्या भंडाऱ्याच्या डेपोतल्या निम्म्या छत्र्या एकट्या नामदेवच्या नावावर होत्या.

नामदेव माझा कंडक्टर. मी गाडी चालवायचो, तो घंटी वाजवायचा. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराला आमची जोडी कधी पवनीच्या, कधी सानगडीच्या फेरीवर असायची. एवढा सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि एवढा खुळाही नाही. खूळ होतं माशांचं. खायच्या नव्हे, पाहायच्या!

* * *

त्या काळी भंडाऱ्यात माशांची काचेची पेटी विकत मिळत नव्हती. नामदेवने ती बनवून घेतली. लोखंडी अँगलची चौकट आमच्या ओळखीच्या वेल्डरने सुटीच्या दिवशी जोडून दिली, काचा फोटोफ्रेमवाल्याने कापल्या, फटींत सुताराकडची लांबी भरली. पहिल्या दिवशी पेटी अशी गळली की शेजारीण फडकं घेऊन धावली. दुसऱ्या खेपेला पाणी थांबलं.

मग नागपूरच्या फेरीला त्याने रंगीत शेपटीचे गप्पी मासे घेतले. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासे. परतताना पिशवी सीटवर ठेवलेली आणि नामदेव उभा!

एक प्रवासी तापला. "कंडक्टर, ही जागा कोनाची हाये?"

"तिकीटवाल्यांची हाये. तुमी मांगं सरका."

वाटेत चेकिंगवाले साहेब चढले. त्यांनीही तेच विचारलं. नामदेवने खिशातून तिकीट काढून दाखवलं. स्वतःच्या पैशाने काढलेलं, आणि तेही हाफ!

साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हाफ कसं काय? यांचं वय काय?"

"विचारलं नाही साहेब," नामदेव म्हणाला, "म्हनून तर पोट्यायचं धरलं."

साहेब पुढच्या स्टॉपला उतरेपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसले होते.

* * *

मासे त्याला ओळखतात, असं तो डेपोत सांगायचा. आम्ही म्हणायचो, "थापा ठोक, ठोक!" एक दिवस चहाला घरी घेऊन गेला. पेटीसमोर उभा राहिला, तिकिटांना भोकं पाडायचा पंच काढला आणि टिक-टिक, टिक-टिक वाजवला. सगळे मासे झपकन वर! स्टॉपवर गाडी लागल्यावर पब्लिक दाराशी जमतं तसे तोंडं वर करून उभे.

त्याची बायको, आमच्या कमलवैनी, बाजूलाच होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी दिवसभर घरी राह्यतो, मी यायले चारतो. पन मी अडकित्ता वाजवला त एक मासा ढुंकून पाह्यत नाही."

"अडकित्त्यानं तिकीट भेटते का वं?" नामदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने डेपोतला एक मोडका पंच मागून घेतला आणि वैनींना दिला. डेपोच्या साहेबांना कारण विचारायचं धाडस झालं नाही. नामदेवचं उत्तर ऐकायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

* * *

आता डोमाजीबुवा. कमलवैनींचे वडील, पवनीचे. सारा जन्म वैनगंगेत जाळं टाकण्यात गेलेला. महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याच गाडीने लेकीकडे यायचे, माझ्या मागच्या सीटवर बसून. हातात पितळी तांब्या, काठोकाठ नदीचं पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं.

तो तांब्या कशासाठी, हे मला आधी कळलं नव्हतं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. तिच्या कुशीत मूल आलं की मग पितात, जेवतात. नामदेवच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. म्हणून म्हातारा यायचा, बसायचा, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचा आणि उपाशीपोटी परत.

एकदा ऐन उन्हाळ्यात तांब्या संपला. डोमाजीबुवा उठले आणि रस्ता ओलांडून हॉटेलात पाणी प्यायला गेले. कमलवैनी दारात उभ्या, हातात पाण्याने भरलेला गडवा. मी तिथेच होतो. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! पण परत येताना त्याचा चेहरा पाहिला आणि राग धरवला नाही. रीत त्यालाही जड जात होती, पण मोडायची कशी, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

माशांबद्दल मात्र बुवांचं मत पक्कं होतं. नामदेवने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "मामाजी, हे मासे अंडे देत नाही. सीदे पिल्लूच देते!"

बुवांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जवाईबापू, मासोरी हाये का बकरी?"

पण महिन्याभरात एका मादीने खरंच पिल्लं दिली. टाचणीच्या डोक्याएवढी, नुसते दोन काळे डोळे पोहत असलेले. कमलवैनींनी आळीतल्या बायका बोलावल्या. संध्याकाळपर्यंत मोठ्या माशांनी सगळी पिल्लं गिळून टाकली होती. उघड्या काचेत लपणार कुठे? त्या दिवशी वैनींच्या घरी चूल पेटली नाही. पुढच्या खेपेलाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही.

डोमाजीबुवा म्हणाले, "काचेतलं पानी मेलेलं राह्यते. मेल्या पान्यात पिल्लू जगत नसते."

ते माशांबद्दलच बोलत होते. पण कमलवैनी उठून आत गेल्या, आणि नामदेव कितीतरी वेळ काच पुसत राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "भाऊ, या पेटीत एक पिल्लू जगलं पाह्यजे. एकच. बाकी मले काही नाही पाह्यजे."

मी त्याला पान खाऊ घातलं.

* * *

नागपूरच्या मासेवाल्याने उपाय सांगितला, "जिवंत शेवाळ टाका. पिल्लं त्यात लपतात."

झालं! नामदेवने गाडीत जाहीर केलं, "ज्याच्या गावात चांगलं शेवाळ असंल, त्यानं आनून द्यावं." आपल्याकडची माणसं कंडक्टरला नाही म्हणत नाहीत. कोणी विहिरीच्या काठाचं आणलं, कोणी देवळाच्या भिंतीचं. कारध्याच्या एका शेतकऱ्याने टोपलीभर आणलं आणि वर म्हणाला, "अजून लागन त सांगजो, घराची मांगची भिंत बाकी हाये!"

सगळं हिरवंगार, मखमली. पेटीत टाकलं की आठ दिवसांत पिवळं, मग काळं, मग असा वास की विचारू नका. शेजारणीने वैनींना विचारलं, "काहून वं, घरात धान कुजून राहिलं का?"

दर वेळी नामदेव मासे बादलीत काढायचा, पेटी घासायचा, नवं पाणी भरायचा. दर वेळी डेपोत आम्ही हसायचो. तोही आमच्याबरोबर हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवाळ मागायचा. हे मला कधी जमलं नसतं. मी पहिल्या वासालाच पेटी भंगारात घातली असती.

* * *

याच काळात शेवाळ खाणारा डेपोतला पहिला ड्रायव्हर होण्याचा मान मला मिळाला.

साकोलीच्या स्टँडवर जेवायला बसलो. आमचे दोघांचे डबे सारखेच, भाजी दोघांचीही कमलवैनींच्या हातची. मी घाईत एक उघडला, फडक्यातल्या पोळीचा तुकडा मोडला, हिरव्या भाजीबरोबर तोंडात घातला. वैनींनी आज मीठ घातलंच नाही, असं वाटलं. दुसरा घास घेतला तर दाताखाली खडा! तेवढ्यात नामदेव हात धुऊन आला. डबा पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

मला वाटलं, माझी काळजी.

"भाऊ," तो म्हणाला, "सारं खाल्लं का? थोडंसं त ठेवाचं ना!"

* * *

खरं शेवाळ मिळालं ते गाडीने दगा दिला म्हणून. सानगडीहून निघालो, जंगलाच्या पट्ट्यात रेडिएटर तापला, बोनेटमधून वाफा! मी नामदेवच्या हाती पाण्याचा डबा दिला आणि नाल्यावर पिटाळलं. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. जाऊन पाहतो तर पठ्ठ्या गुडघाभर पाण्यात वाकलेला, पँट भिजलेली, डबा काठावर रिकामा.

"भाऊ, हे पाहा! हे पान्याच्या आतमंदी वाढून राहिलं!"

पाण्याखालच्या दगडाला गर्द हिरवं, बारीक पानांचं शेवाळ होतं. वाहत्या पाण्यात ते हलत होतं.

"आपन आतावरी भिंतीवरचं आनलं. त्याले हवेची सवय. बुडवलं की मरनारच ना! हे त पान्यातच जन्मलं."

मागून प्रवाशांचा गलका. "ओ कंडक्टर, आंदी गाडीले पानी पाजा!"

डबा एकच. पाणी न्यायचं की शेवाळ? नामदेवने डबा पाण्याने भरून माझ्या हातात दिला. ड्युटी ती ड्युटी. पण शेवाळ तसंच ओंजळीत धरून गाडीत चढला, बोटांतून पाणी गळतंय! दूध विकून निघालेली एक म्हातारी पुढच्या सीटवर होती. तिने आपली रिकामी पितळी चरवी पुढे केली.

"घे बाप्पा, याच्यात ठेव. पन मही चरवी वापस पाह्यजे!"

मी रेडिएटरला ओतून डब्यात उरलेलं पाणी नामदेवने चरवीत घेतलं. एकाने नाल्यातला एक चपटा गोटाही आणून दिला. शेवाळ गोट्याला बांधायचं कशाने, यावर गाडीभर चर्चा झाली. शेवटी त्याच म्हातारीने आपल्या लुगड्याच्या पदराचा दोरा काढला आणि दातांनी तोडून दिला. गाडी उशिरा पोचली, पण त्या दिवशी एकानेही तक्रार केली नाही.

चरवी पुढच्याच बाजाराच्या दिवशी परत गेली, चिंचेने घासून लखलखीत. म्हातारीने ती पाहिलीही नाही. "शेवाळ जगलं का?" एवढंच विचारलं. नंतर तर त्या रूटवर रिवाजच पडला. माणसं गाडीत चढायची, पैसे द्यायची आणि दवाखान्यातल्या माणसाची चौकशी करावी तशी विचारायची, "शेवाळ कसं हाये, कंडक्टर?"

"नवे फुटवे निंगून राहिले!" नामदेव सांगायचा, आणि टिक-टिक करत तिकीट फाडायचा.

* * *

धान निघाल्यावर डोमाजीबुवा आले. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, हातात तोच तांब्या. मीच सोडायला गेलो. ड्युटी संपली होती आणि खरं सांगायचं तर मला तिथे असायचंच होतं.

बुवा खाटेवर बसले. तांब्या पायाशी ठेवला. पेटीत पाहिलं तर दोऱ्याने बांधलेला गोटा कुठे दिसतच नव्हता, इतकं शेवाळ वाढलेलं. तळाचा अर्धा भाग हिरवागार.

"हे शेवार नाल्यातलं हाये," बुवा म्हणाले. मग जरा थांबून, "पिल्लं खाल्ली असंल."

कमलवैनींनी मोडका पंच घेतला आणि वाजवला. टिक-टिक, टिक-टिक.

मोठे मासे वर आले. मग शेवाळातून एक पिल्लू बाहेर आलं. त्याच्या मागे दुसरं. मग चार-पाच एकदम, आता चांगली जिऱ्याएवढी झालेली. एक मोठा मासा वळून अंगावर गेला. पिल्लं सुळकन शेवाळात! मोठ्याने शेवाळात तोंड खुपसलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि रिकाम्या तोंडाने माघारी फिरला. तो जाताच एक काळा डोळा पुन्हा बाहेर आला.

डोमाजीबुवा केव्हा उठले आणि केव्हा काचेला नाक लावून बसले, ते कोणाला कळलं नाही. म्हातारा हलेचना. श्वासाने काच धुरकट झाली की दुपट्ट्याने पुसायचा आणि पुन्हा पाहायचा. खाटेजवळ त्याचा तांब्या काठोकाठ भरलेला, वरचं फडकंही सुटलेलं नव्हतं.

"कमल," मान न वळवताच ते म्हणाले.

"हाव, बाबा."

"पानी आन, माय."

वैनी जागच्या हलल्या नाहीत. नामदेवने माझा हात घट्ट धरला.

"आयकू नाही आलं का वं? पानी आन. मोठ्या गडव्यानं आन."

वैनींनी आणलं. बुवांनी गडवा दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला. दुपट्ट्याने मिशा पुसल्या, भिंतीला टेकून मांडी घातली.

"आता वाढ," ते म्हणाले, "जे असंल ते वाढ. फकत आज मासोरी नोको करजो."