विहीणबाईंच्या चार वाटा

पृथ्वी गोल आहे हे साऱ्या जगाने कबूल केलं असेल, पण ती पावलोपावली उतरती आहे हे फक्त आमच्या विहीणबाईंना ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. तुम्हा-आम्हाला जमीन दिसते, त्यांना ढाळ दिसतो. माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी करायला त्या पहिल्यांदा आमच्या दुर्गच्या घरी आल्या, त्या शेजारच्या हुडको कॉलनीतून सायकलने. मोटार येईल म्हणून माझी बायको दारात उभी होती. आली ती जाड टायरांची, मुरमाच्या लाल धुळीने माखलेली सायकल, कॅरियरला पेढ्यांचा डबा बांधलेला, आणि वर हेल्मेट घातलेली एक साठीची बाई, जिचं डावं कोपर ताजं खरचटलेलं होतं. हातपाय धुऊन त्या बसल्या, चहाचा कप टीपॉयवर ठेवला, कपातल्या चहाकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हॉलचा ढाळ पूर्वेकडे आहे. फरशी धुतली का पाणी देवघराकडे जात असन." मी एकतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, कुठला चढ कुठे लागतो आणि कुठल्या उतारावर डबे एकमेकांना ढकलतात हे मला झोपेत कळायचं. पण ज्या घरात मी वीस वर्षं राहिलो त्याचा ढाळ मला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी फरशी धुऊन पाहिली. पाणी शिस्तीत देवघराकडे गेलं.

पोलादाच्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी उभी हयात ट्रेसर म्हणून, नकाशे गिरवण्यात काढली होती. यजमान लवकर गेले, मुलगी एकटीने वाढवली, आणि तीस वर्षं सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून सायकलनेच कामावर गेल्या. त्यांच्या पर्समध्ये पावडर-कंगवा नसे, पाणसळ असे; गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा हलणारी पट्टी. या पट्टीने आमच्या घरात दोन वर्षांचं युद्ध लावलं. लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरायची वेळ झाली, भटजींनी तोंड उघडलं, आणि विहीणबाईंनी बोहल्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला. "थांबा," त्या म्हणाल्या, "बोहलं वाकडं आहे." मांडववाला आला, विटा आल्या, फळीखाली पाचर बसली, आणि तोवर नवरदेव-नवरी हार हातात घेऊन हनुमंतासारखे उभे. मुहूर्त सहा मिनिटांनी टळला. माझ्या बायकोचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुढचं सगळं ओळखलं. "माह्या एकुलत्या लेकाच्या लग्नात हिनं मिस्त्रीचं काम काढलं," हे वाक्य आमच्या घरात नंतर रोजच्या जेवणात मिठासारखं असायचं. आमच्याकडे विहिणीला इहीन म्हणतात. माझ्या बायकोने त्या दिवसापासून तो शब्दही तोंडातून काढला नाही. फोन आला तर "तुमच्या सुनेची आई बोलून राहिली" असं म्हणून फोन माझ्या हातात द्यायची.

विहीणबाईंना मात्र या युद्धाची फारशी वार्ता नव्हती, कारण त्या खदानीत होत्या. हुडकोजवळच्या कोहका गावामागे मुरमाची एक जुनी खदान होती. मुरूम काढून कधीच संपलेला, मागे उरलेले खड्डे, कडे, ढिगारे, बाभळी आणि बेशरमाची झुडपं. जागा एका शेठची होती. त्याने "चलाइए माताजी, पड़ी ही तो है" म्हणून हात झटकले. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले तेव्हा लोक सोनं घेतात, यांनी गियरची सायकल घेतली आणि या खदानीत घुसल्या. पहिले सहा महिने त्यांनी सायकल चालवलीच नाही. त्या बकऱ्यांच्या मागे हिंडल्या. बकरी कुठून चढते, कुठे वळते, कुठे थांबून विचार करते, हे वहीत लिहीत. मग चुन्याची फक्की टाकून त्याच रेषा जमिनीवर उमटवल्या, कुदळ-फावड्याने वाटा कोरल्या, वळणाची बाहेरची कड उचलून धरली आणि दर दहा पावलांवर पाण्याला बाजूला निघून जायला तिरपी चर ठेवली. बकऱ्या चारणारी एक म्हातारी होती, ती एकदा माझ्यासमोर त्यांना तिथल्या बोलीत म्हणाली, "दाई, मोर छेरी मन घलो अब तोरेच रद्दा म रेंगथें." म्हणजे ज्या बकऱ्यांकडून वाट शिकली, त्याच आता हिच्या वाटेने चालू लागल्या होत्या. एखाद्या विद्यापीठाने पदवी दिली असती तरी विहीणबाई इतक्या लाजल्या नसत्या.

चार वाटा झाल्या. त्यांची नावंही विहीणबाईंनीच ठेवली. ज्यांना सायकल येतच नाही त्यांच्यासाठी मऊभात, ज्यांना येते पण उताराची भीती वाटते त्यांच्यासाठी वरणभात, जरा धीट असतील त्यांच्यासाठी झुणका, आणि खदानीच्या सर्वांत उभ्या कड्यावरून उड्या घेत खाली येणारी ती ठेचा. नियम एकच. खालची वाट पाय न टेकवता तीनदा उतरल्याशिवाय वरची मिळायची नाही. रविवारी सकाळी शाळेच्या पोरी, जनरल शिफ्टचे लोक, एक दाताची डॉक्टरीण, एक अडीच माणसांएवढा मिठाईवाला, असे सगळे तिथे रांगेत उभे असत आणि विहीणबाई प्रत्येकाच्या बाजूने धावत ओरडत, "पिछला ब्रेक दबा बेटा, अगला सिर्फ छू! नीचे मत देख, जहाँ जाना है वहाँ देख!" एकदा रायपूरहून एक तरुण आला. त्याची सायकल माझ्या पहिल्या स्कूटरहून महाग होती आणि गुडघ्या-कोपरांना त्याने इतकी कवचं बांधली होती की महाभारतातून थेट आल्यासारखा दिसत होता. विहीणबाईंनी त्याला मऊभाताकडे बोट दाखवलं. तो हसला आणि थेट ठेच्यावर गेला. पुढच्या मिनिटात त्याची सायकल एका बाभळीत होती आणि तो बेशरमात. विहीणबाई खाली गेल्या, त्याचे काटे काढले, आणि अजिबात न रागावता म्हणाल्या, "भूक लगी थी तो पहले नरम खाना था ना." त्यानंतर तो दर रविवारी आला, आणि पहिले दोन रविवार पोरींच्या मागे रांगेत उभा राहून मऊभातावरच होता.

मला सर्वांत नवल याचं वाटे की ठेचा त्यांनी स्वतः कधीच उतरला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माह्याच्यानं नाही होत भाऊ. हाडं मोडतीन. पन ज्याच्यानं होते त्याले वाट काहून नाही द्यायची?" जी वाट आपल्याला कधी चालायची नाही, तिचं प्रत्येक वळण दुसऱ्याच्या काळजाचा अंदाज घेऊन कोरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग सून बाळंतपणाला पुण्याहून हुडकोला माहेरी आली. नात झाली. माझी बायको रोज दुपारी तिला बघायला जायची. विहीणबाईंशी "पाणी तापलं का" आणि "टोपडं कुठं आहे" याच्या पलीकडे एक शब्द नाही. तीन महिन्यांनी मुलगा येऊन सुनेला आणि नातीला पुण्याला घेऊन गेला. गाडी सुटली तेव्हा दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर दोन्ही आज्या एकमेकींपासून दहा हात लांब उभ्या होत्या. घरी आल्यावर बायकोने लंगोटांची एक विसरलेली चळत घडी केली, मोडली, पुन्हा घडी केली. चार दिवस नीट जेवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी विहीणबाई आमच्या दारात.

"चला इहीनबाई," त्या म्हणाल्या. "घरात बसून काय करून राहिल्या? माह्याही घरात कोणी रडत नाही आता. लय शांत लागून राहिलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाली, "मले सायकल नाही येत."

"म्हणूनच तं नेऊन राहिली."

"माह्या गुडघ्यातलं वंगण संपलं म्हणते डॉक्टर."

"गुडघ्याचं काम नाही तिथं. उताराचं काम आहे."

एकोणसाठ वर्षांची माझी बायको, सुनेचा सलवार-कुडता घालून, डोक्यावर हेल्मेट, मऊभाताच्या टोकाला उभी राहिली तेव्हा मला हसूही येईना आणि श्वासही घेता येईना. विहीणबाईंनी सायकलचे पायडलच काढून ठेवले होते आणि सीट इतकी खाली केली होती की दोन्ही पाय जमिनीला टेकत. "चालवायची नाही. बसून चालायचं. वाटलं तं पाय उचला, नाही वाटलं तं नका उचलू." बायको चालू लागली. पाच पावलं, दहा पावलं. विहीणबाई एका हाताने सीट धरून शेजारी. मग उतार लागला, इतका हलका की तो मला दिसलाही नाही, आणि बायकोचे पाय एक बोटभर वर उचलले गेले. "अगं माय वं!" अशी एक किंकाळी आली. विहीणबाईंनी सीट सोडली होती. त्रेसष्ट वर्षांची ती बाई चपला मागे टाकून अनवाणी शेजारून धावत होती, हात पुढे, पण न लावता. माझा हात आपोआप वर गेला. इतकी वर्षं गाडी सोडायला हिरवा झेंडा दाखवला, ती सवय. पण तेव्हा मी स्वतः त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात असायचो; झेंडा दाखवल्यावर जाणारी गाडी मला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होती. किंकाळी मधेच कुठेतरी बदलली आणि हसू झाली. असं हसू मी आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं.

खाली पोचल्यावर दोघी धापा टाकत मुरमाच्या ढिगावर बसल्या. मी पाणी घेऊन गेलो. बायको घाम पुसत म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी बोहलं खरंच वाकडं होतं का वं?"

"होतं."

"किती?"

विहीणबाईंनी बराच वेळ घोटभर पाणी तोंडात धरलं. "दोन सूत," त्या शेवटी म्हणाल्या. म्हणजे पाव इंच.

"बस? दोन सुतासाठी सहा मिनिटं?"

"मी जरा जास्तच केलं. एकच पोरगी होती न माही. कुठंच काही वाकडं नको वाटत होतं."

 बायकोने विहीणबाईंचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि तळव्यात रुतलेले खडे काढू लागली.

पावसाळा संपता संपता बायको वरणभातावर आली, आणि झुणक्याची स्वप्नं बघू लागली. त्याच हिवाळ्यात शेठने जागा विकली. एका सकाळी तीन माणसं तिपाईवरचं मोजणीचं यंत्र घेऊन आली आणि वरणभाताच्या मधोमध खुंट्या ठोकू लागली. प्लॉट पडणार होते. आमच्या रविवारच्या मंडळीत संताप उसळला. बायको म्हणाली, "मी इथंच बसते. पाहू कोण उठवते." सगळे विहीणबाईंकडे पाहत होते. त्या शांतपणे त्या तिघांतल्या तरुण इंजिनियरजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "नक्शा दिखाओ बेटा." त्यांनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा उजळला. "किसने खींचा? लाइन बहुत साफ़ है," त्या म्हणाल्या. मग बोट ठेवलं. "पर ये सड़क सीधी उतारी है. पानी कहाँ जाएगा?"

"नाली बनेगी मैडम."

त्यांनी वाद घातला नाही. मिठाईवाल्याला पाठवून जवळच्या बोअरवरून पाण्याच्या चार बादल्या मागवल्या. दोन त्यांनी खुंट्यांच्या सरळ रेषेवर ओतल्या. पाणी सुसाट खाली गेलं, मुरूम खरवडत, आणि कागदावर जिथे घरं होती तिथे डबकं करून थांबलं. उरलेल्या दोन वरणभाताच्या वळणावर ओतल्या. ते पाणी रमतगमत उतरलं, पहिल्या चरीशी आलं, आणि सांगितल्यासारखं बाजूला होऊन बाभळींकडे निघून गेलं. इंजिनियर वाट चालून खाली गेला, पुन्हा वर आला. टोपी काढून हातात घेतली. "ये किसने बनाया?"

"बकरियों ने," विहीणबाई म्हणाल्या. "मैंने सिर्फ़ साफ़ किया."

जागा गेलीच. ती वाचणार नव्हती, आणि ती वाचवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. त्यांना फक्त पुढे तिथे राहणाऱ्यांच्या घरात पाणी शिरायला नको होतं. बुलडोझर यायच्या आधीच्या रविवारी आम्ही निरोपाला जमलो, तर त्यांनी सगळ्यांच्या हातात खराटे दिले. चारही वाटा झाडायच्या. पानं, काटक्या, सैल खडी, सगळं. मिठाईवाला चिडून म्हणाला, "आंटी, कल तो टूटना ही है!" तेव्हा विहीणबाई म्हणाल्या की क्वार्टर सोडतानाही त्यांनी फरशी पुसून किल्ली दिली होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे रंगारी येणार होते हे त्यांना माहीत होतं. आम्ही झाडलं. ठेच्याचा कडा त्यांनी स्वतः झाडला, एकट्याने, बसत बसत, वरपासून खालपर्यंत. दुपारच्या उन्हात त्या चार लाल वाटा इतक्या स्वच्छ दिसत होत्या की कुणी त्यांवर पाय ठेवेना.

आता तिथे कॉलनी आहे. मऊभात, झुणका, ठेचा कुठल्या कुठल्या घरांखाली आहेत ते मलाही सांगता येणार नाही. पण मुख्य रस्ता सरळ नाही. तो वरणभाताच्याच वळणांनी वळत, रमत उतरतो, आणि पावसात त्याच्यावर पाणी थांबत नाही. विहीणबाई अलीकडे बहुतेक पुण्यालाच असतात, नातीजवळ. मी फोनवर म्हटलं, एकदा येऊन रस्ता तरी पाहा. तर म्हणाल्या, "कशाले भाऊ? पाणी बराबर जाऊन राहिलं ना? मंग झालं."

परवा सकाळी मी आणि बायको त्या रस्त्याच्या कडेला उभे होतो. भाजीची पिशवी हँडलला अडकवून एक बाई सायकलवरून वरून येत होती, चेहरा दिवसभराच्या कामाच्या विचाराने आधीच ओढलेला. वळण आलं, आणि तिने पायडल मारणं थांबवलं. चार-पाच क्षण सायकल आपली आपण गेली, पदर थोडा फुगला, आणि त्या बाईचा चेहरा सैल झाला. मग सपाटी आली, ती पुन्हा पायडल मारू लागली आणि दिसेनाशी झाली. तिला वाटत असेल, रस्ते असेच असतात.