शेपटामागे फक्त वारा

माझ्या दादाला सगळं गाव शेपूट म्हणतं. तोंडावर म्हणतं आणि तोही ओ देतो. पूर्वी या नावात लाड होता. आता सहा वर्षं झाली, हे नाव घेताना लोक आवाज खाली आणतात आणि ठरलेलं वाक्य जोडतात, "चष्मेवाल्या काकांना मागे सोडून आला, तोच ना हा?" त्या लोकांची तोंडं बंद करायची सोडून मी सहा वर्षं मूग गिळून बसले. म्हणून आता सांगते. मध्ये कोणी टोकू नका.

दादा हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर असतो. ओली चादर एका बाजूनं घालायची, दुसऱ्या बाजूनं कडक होऊन आली की चार घड्या घालून ढकलगाडीवर रचायची. दिवसाला सहाशे चादरी. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झालीत की उकळत्या चहाचं भांडं तो फडक्याशिवाय उतरवतो. तरुणपणी तो पळायचा, आणि काय पळायचा! मग एकदा चादरींनी भरलेली ढकलगाडी उतारावरून सुटली आणि त्याच्या गुडघ्यावर येऊन आदळली. पळणं संपलं. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. हा पठ्ठ्या पळणाऱ्यांच्या क्लबात गेला आणि म्हणाला, "पळता येत नाही ना, मग मी सगळ्यांच्या मागून चालतो."

आमच्याकडे दरवर्षी थंडीच्या तोंडावर बावीस किलोमीटरची दौड असते. आधी माळ, गुडघाभर खुरट्या झुडपांचा, वाऱ्याला सगळीकडून मोकळा. मग पाइनचं जंगल. मग नदीकाठ. बाहेरून लोक येतात, फोटो काढतात, "काय हो नशीबवान तुम्ही, स्वर्गात राहता" म्हणतात. स्वर्ग म्हणे! त्या स्वर्गात ऊन उतरलं की तासाभरात हाडं गोठतात, ते फोटोत येत नाही.

आदल्या दिवशी दादा त्या सगळ्या वाटेवर लाल फिती बांधायचा. जिथं वाट फुटते तिथं तीन-तीन. दौडीच्या दिवशी शेवटच्या माणसाच्या मागून चालत एकेक फीत सोडत यायचा, कारण जंगलात कचरा राहिलेला त्याला खपत नसे. वाटेत पाण्याची टेबलं असायची. शेपूट आलं की टेबल आवरायचं, हा नियम. तिसरं टेबल माझं. जंगल संपून नदी लागते तिथं, लाकडी पुलाशी. मला ते काम दिलं, कारण मी शाळेत हजेरीची कारकून होते. पुढून गेला त्याच्या छातीवरचा नंबर बघायचा आणि कागदावर त्या नंबरच्या चौकोनात खूण करायची. चारशे पोरांची हजेरी रोज घेणारी बाई मी, दीडशे माणसांचं काय घेऊन बसलात, असा माझा तोरा होता.

आणि दादा टेबलाशी आला की मी विचारायचे, "मागे कोणी?"

तो म्हणायचा, "शेपटामागे काय असतं गं? फक्त वारा."

अकरा वर्षं हाच प्रश्न, हेच उत्तर. सगळे हसायचे. मग टेबलाचे पाय दुमडायचे.

चष्मेवाले काका म्हणजे ज्यांच्या दुकानातून अख्ख्या गावाच्या नाकावर चष्मे आले, ते. अडुसष्ट वर्षांचे, लाजरे, हळू बोलणारे. ते दरवर्षी पळायचे आणि दरवर्षी शेवटचे यायचे. काकू चिडवायच्या, "पळायला जाता की फिरायला?" काका म्हणायचे, "मला कसली घाई? माझ्यामागे शेपूट आहे." आणि दादानं त्यांना पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं होतं, "काका, वाट चुकलीच तर इकडेतिकडे भटकायचं नाही. खूण करायची आणि एका जागी बसून राहायचं. मी मागून येतोच."

त्या वर्षी जंगलाच्या तोंडाशी बँकेतल्या एका बाईचा पाय मुरगळला. दादा आणि काका दोघंही तिच्यापाशी थांबले. क्लबाच्या गाडीला निरोप गेला. काका म्हणाले, "तू हिचं बघ, मी आपला हळूहळू पुढे होतो." गाडी यायला पाऊण तास लागला. बाईला बसवून दादा निघाला, भरभर चालत, फिती सोडत. त्याला वाटलं, काका एव्हाना माझं टेबल ओलांडून गेले असतील.

ते गेले नव्हते. त्यांचं पोट सकाळपासूनच बिघडलं होतं, हे काकूंनी मागाहून सांगितलं. मुलखाचा लाजरा माणूस, वाटेजवळ कुठे बसणार? गेले असतील झाडीत चांगले आत. तेवढ्यात दादा पुढे निघून गेला, आणि त्याच्याबरोबर सगळ्या फितीही.

दादा माझ्याकडे आला. मी विचारलं, "मागे कोणी?" तो म्हणाला, "शेपटामागे फक्त वारा." माझ्या कागदावर दोन चौकोन रिकामे होते. एक त्या बँकवाल्या बाईचा आणि एक सत्त्याऐंशी, काकांचा. मला वाटलं, काकाही थकून तिच्याबरोबर गाडीत बसले असतील. "दादा, काका कुठे रे?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? माझे मोजे ओले झाले होते आणि मला घरी जायचं होतं. मी कागद दुमडला.

इथवर चूक दोघांची. यापुढची माझ्या एकटीची.

दिवस मावळताना काकू क्लबात आल्या. "हे अजून घरी आले नाहीत." सेक्रेटरींनी फोन करून मला विचारलं, "चष्मेवाले तुमच्या टेबलावरून पुढे गेले ना?" गाडीवाला त्यांच्या शेजारीच उभा होता, "गाडीत एकटी ती बाईच होती" हे त्याचं बोलणं मला फोनवरच ऐकू आलं. चारशे पोरांची हजेरी घेणारी बाई एक म्हातारा माणूस विसरली, हे मुख्याध्यापिकेच्या कानावर गेलं तर? माझ्या तोंडून निघालं, "गेले असतील की. माझ्या मागे कोणीच नव्हतं."

झालं. दादासकट सगळे बॅटऱ्या घेऊन पुलाच्या पुढे, नदीकाठानं शोधत राहिले. माझ्या शब्दावर. मागे जंगलात कोणी पाऊलही टाकलं नाही.

पहाटे दादा गाडीतून दोर काढायला गेला, तेव्हा टेबलाच्या सामानात त्याला माझा कागद सापडला. तो वाचून दादा एकटा जंगलात पळत सुटला. हो, पळत, त्या गुडघ्यानं. वाट फुटते तिथं डावीकडे जुना लाकूडतोडीचा रस्ता जातो, त्याच्या तोंडाशी फांदीला पांढरा रुमाल बांधलेला होता. शंभर पावलांवर काका झाडाला टेकून बसले होते. हात काखेत, चष्मा काढून नीट खिशात ठेवलेला. खूण केली होती आणि एका जागी बसून राहिले होते. सांगितलं होतं तसं.

डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत जीव असावा.

चौकशी शाळेच्याच हॉलमध्ये झाली. मला विचारलं, "तुमचा कागद?" मी म्हणाले, "भिजला. टाकून दिला." तो कागद माझ्या पर्समध्ये होता. त्या पहाटे दादानंच माझ्या हातात ठेवला होता, "हा तुझा" एवढंच म्हणून. आता त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सेक्रेटरींना सांगितलं, "मागे कोणी नाही असं मी म्हणालो. वळून बघायला हवं होतं, बघितलं नाही." त्याला क्लबातून काढलं. दौड बंद झाली. काकूंनी त्याला दारातूनच सांगितलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

सहा वर्षं. लाँड्रीत त्याच्या शेजारी कोणी डबा उघडत नव्हतं. चालताना तो दर दहा पावलांना मागे वळून बघायला लागला. भाजी आणायला जाताना, जिना चढताना, मोरीत जातानासुद्धा. मान एका बाजूला आखडली. मला तो कधी काही बोलला नाही. मेला, एकदा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं!

यंदा दौड पुन्हा ठरली. दादानं अर्ज केला, मागून चालू द्या. आयुष्यात त्यानं कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. कमिटीनं तो काकूंकडे पाठवला आणि काकू नाही म्हणाल्या. अर्ज परत आला, तो दादानं घडी घालून चादरींसारखा गुळगुळीत केला आणि फळीवर ठेवला. ते बघितलं आणि मी कपाटातून माझा कागद काढला.

काकू दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. त्यांनी चष्मा बदलला. एकशे एकेचाळीस चौकोनांवरून बोट फिरवत सत्त्याऐंशीवर थांबल्या.

"त्या संध्याकाळी तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्याला?"

"पहाटे कळलं. कोणाला बोलला नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि आपल्यापाशी ठेवली. मग म्हणाल्या, "त्याला चालू दे मागून. तू मात्र जा. आत्ता जा, माझा हात उठेल."

कागद त्यांनी शाळेत पाठवला. मला हजेरीवरून काढलं. आता मी मोडक्या बाकांच्या खोलीत खुर्च्या मोजते. दादा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "कोणी सांगितलं होतं तुला? सहा वर्षं मी हे एकट्यानं कशाला ओढलं मग?" ओरडता ओरडता तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. मीही रडले. कोणी कोणाचे डोळे पुसले नाहीत.

दौडीच्या दिवशी पुलाशी टेबलावर बेकरीवाला होता. मी लांब एका दगडावर बसले. दुपार कलल्यावर दादा जंगलातून आला, मान वळवत, थांबत, फिती गोळा करत. बेकरीवाल्यानं विचारलं, "मागे कोणी?"

दादा वळला. जंगलाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "एक आहे."

बेकरीवाल्यानं घाबरून कागद पुन्हा पुन्हा तपासला. "नाही हो, सगळे आलेत. सत्त्याऐंशी नंबर तर यंदा कोणाला दिलाच नाही."

दादा माझ्याजवळ आला, फितींच्या गुंडाळ्यातला अर्धा गुंता माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "धर." मी एकेक सोडवायला घेतली. बेकरीवाला टेबलाचे पाय दुमडायला वाकला, तेव्हा मी म्हणाले, "राहू द्या. तुम्ही व्हा पुढे, आम्ही आवरतो."

तो गेला. ऊन गेलं, थंडी पडली. आम्ही टेबल तसंच ठेवून जंगलाकडे तोंड करून बसलो होतो.