शेजारी राहायला गेलेली ज्योत

माझा देवावर विश्वास आहे, माणसांवर मात्र पटकन बसत नाही. माहेरी मला सगळे म्हणायचे, हिला साक्षात देव भेटला तरी ही आधी त्याचा पत्ता विचारेल. अशा स्वभावाची मी, यजमानांच्या नोकरीमुळे पुण्याहून कॉव्हेंट्रीला येऊन पडले. तो काळही विचित्र होता. लंडनच्या ट्रेनमध्ये बॉम्ब फुटून फार दिवस झाले नव्हते. ऑफिसची काळी बॅग पाठीला लावून हे ट्रेनमध्ये चढले की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसायचा. हे घरी येऊन हसत सांगायचे, पण मला हसू येत नसे. लोक आमच्याकडे संशयाने बघत आणि मी लोकांकडे. एवढ्या बाबतीत तरी मी त्या देशात लगेच रुळले.

आमच्या भिंतीला भिंत लागून मॉरीन नावाच्या सत्तरीच्या आयरिश बाई एकट्या राहत. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं मॉरीन म्हणताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मॉरीनबाई म्हणे. त्या दर रविवारी न चुकता चर्चला जात आणि महिन्यातून एकदा आमच्या दारात केक आणून देत. मी लंडनजवळ हॅरोला राहणाऱ्या मैत्रिणीला, वृंदाला, फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, जरा केअरफुल राहा. आधी केक देतात, मग चर्चला इन्व्हाइट करतात, मग तू फिनिश." मी तो केक अंडं असेल म्हणून कधी खाल्ला नाही आणि बाईंना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्या आमंत्रण कधी देतात याची मात्र मी वाट बघत होते.

त्या वर्षी नवरात्रात घट बसवले. बैठकीच्या खोलीत फायरप्लेसच्या बाजूच्या कोनाड्यात देव्हारा होता, तिथेच अखंड दिवा लावला. आमच्या सासरी या दिव्याला फार जपतात. तो नऊ दिवस शांत होऊ द्यायचा नाही. सासूबाई रात्रीतून उठून तेल घालायच्या. मी इकडे यायला निघाले तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "परदेशात काही जमलं नाही तरी चालेल, पण दिवा सांभाळ. घरातल्या कर्त्या माणसाचं आयुष्य त्यात असतं." खरं सांगायचं तर मला हे पूर्णपणे पटलेलं नव्हतं. पण न पटलेल्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते.

पाचव्या माळेच्या सकाळी हे चहा पिता पिता छातीवर हात ठेवून खाली बसले. चेहऱ्यावर घाम, ओठ निळे पडलेले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मॉरीनबाई आपल्या दारात उभ्या होत्या. यांना स्ट्रेचरवरून नेत होते आणि माझं लक्ष मागे दिव्याकडे. आमच्या ओळखीतलं जवळात जवळचं मराठी घर तास-दीड तासाच्या अंतरावर. मी पुढचा-मागचा विचार न करता घराची किल्ली बाईंच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "आत एक दिवा आहे, प्लीज तो विझू देऊ नका. तेलाची बाटली शेजारीच आहे." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दार बंद होऊन गाडी निघाली तेव्हा मला आठवलं, बूट बाहेर काढायला सांगायचं राहिलं.

हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन ठरलं. सही घ्यायला आलेले डॉक्टर दाढीवाले, पाकिस्तानी वंशाचे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिले, ट्रेनमध्ये लोक आमच्या यांच्याकडे बघायचे अगदी तसंच. त्यांना ते कळलं असणार, पण ते शांतपणे सगळं समजावून सांगत राहिले. मग ते आत गेले आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. नामस्मरण सुरू केलं, पण मन काही स्थिर होईना. ते पुन्हा पुन्हा आमच्या बैठकीच्या खोलीत जात होतं. बाईंनी सकाळी बेकन तळलं असेल, त्याच हातांनी त्या वात सारत असतील. नाहीतर दिवा कधीच विझला असेल आणि त्यांनी तो काडीने परत लावून ठेवला असेल. मला काय कळणार आहे? देवीचा धावा करायच्या ऐवजी मी शेजारणीवर पहारा करत बसले होते, आणि तोही इतक्या लांबून.

ऑपरेशन बराच वेळ लांबलं. काहीतरी अडचण आली होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हृदयाची गती मधेच बिघडली, पण सावरली, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शुद्धीवर आले, त्यांनी माझा हात दाबला, आणि मग मी अंघोळीपुरती घरी आले.

दिवा तेवत होता. पण त्यातली वात माझी नव्हती. मी वळलेल्या वाती संपल्या होत्या आणि त्या जागी मेडिकलच्या कापसाची जाडजूड वात होती. ताम्हनात तेल सांडून पुसल्याचा डाग होता. सोफ्यावर एक अनोळखी ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं. माझ्या मनाने लगेच निकाल दिला की दिवा विझला होता. मी तशीच शेजारी गेले. बाईंनी दार उघडलं आणि आधी यांची चौकशी केली. मी उत्तर दिलं, पण माझी नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली होती. मदर मेरीच्या तसबिरीपुढे लाल काचेत मेणबत्ती जळत होती.

"दिवा विझला होता का?" मी विचारलं. आवाज चांगला नव्हता माझा.

त्या खोटं बोलल्या असत्या तर मला ते ऐकायला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "हो. काल दुपारी. काळं झालेलं टोक चमच्याने झाडायला गेले आणि वात तेलात बुडाली. हात थरथरतात माझे."

काल दुपारी. मी दाराची चौकट धरली. बाईंनी मला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "पण ज्योत गेली नाही हो. आमच्या चर्चमध्येही एक दिवा कायम जळत असतो. मी लहान असताना तिथल्या सिस्टर तो साफ करायच्या आधी त्याच्यावरून दुसरा लावून घ्यायच्या. मला माझ्या हातांची खात्री नव्हती, म्हणून मी पहिल्याच संध्याकाळी तुझ्या दिव्यावर मेणबत्ती लावून जॅमच्या बरणीतून इकडे आणून या लाल काचेत ठेवली होती. काल तुझा दिवा गेला, तेव्हा इथूनच परत नेली. ती बघ, तीच आहे." आणि मग जरा अवघडून म्हणाल्या, "इथे होती तोवर मी तुझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना केली. तुला चालेल ना?"

आमच्या सासूबाई काजळी झाडण्याआधी अगदी हेच करतात. अखंड दिव्यावरून निरांजन लावून बाजूला ठेवतात आणि मगच वातीला हात लावतात. गडबडीत मी ते बाईंना सांगायला विसरले होते. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी ते केलं होतं. मी त्या लाल काचेकडे बघत राहिले. माझ्या देव्हाऱ्यात अंधार होता आणि यांचं हृदय ऑपरेशनच्या टेबलावर गती चुकत होतं, तेव्हा माझ्या देवीची ज्योत इथे, मेरीपुढे जळत होती. मी तिच्यावर अविश्वास दाखवत खुर्चीत बसले होते आणि ती शेजारी राहायला गेली होती. मला रडू आवरेना. मी मेरीला हात जोडले. आमच्या सवयीप्रमाणे मी नकळत चपला दाराबाहेर काढल्या होत्या, हे त्या वेळी लक्षात आलं. आणि घरी परत आले तेव्हा हेही दिसलं की मॉरीनबाईंचे बूट आमच्या पायपुसण्यावर नीट जोडून ठेवलेले आहेत. ते त्या तिथेच विसरून गेल्या होत्या.

याला चमत्कार म्हणायचं की एका म्हाताऱ्या बाईचा सावधपणा, ते मी ठरवत नाही. दाढीवाल्या डॉक्टरांना दसऱ्याला पेढे दिले, ते त्यांनी सगळ्या वॉर्डात वाटले. समर्पण म्हणजे डोळे मिटून सगळं सोडून देणं, असं मी समजत होते आणि ते मला कधी जमणार नव्हतं. पण देवीने माझ्यासारखीला जमेल एवढंच मागितलं. घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं.

स्वभावाला औषध नसतं. केकमध्ये अंडं आहे का, हे मी अजूनही विचारते, आणि मॉरीनबाई अजूनही मला चर्चला बोलवत नाहीत. मात्र दरवर्षी घट बसले की मी अखंड दिव्यावरून एक मेणबत्ती लावते आणि जॅमच्या बरणीतून कुंपणावरून त्यांच्या हातात देते. मग रात्री तेल घालायला मला उठावं लागत नाही. मला शांत झोप लागते.