जंतू मारायची परवानगी नाय

सखूबाईने औषध खात्याच्या साहेबाला पेलाभर फिनेल पाजलं आणि साहेब तोंडाला फेस आणत स्कूटरवरून पळस्प्याकडे पळाला, अशी बातमी एके काळी आमच्या पनवेलात कानोकानी फिरत होती. सांगणारा "मी काही पाहिलं नाही हं" म्हणून सुरुवात करायचा आणि मग साहेबाच्या शर्टाच्या बटणापर्यंत वर्णन करायचा. उरण नाक्यावर फेस हनुवटीपर्यंत असायचा, तलावापाशी पोचेतो तो पोटापर्यंत उतरलेला असायचा.

सखूबाई मूळची गव्हाणची कोळीण. मासळीबाजारात तिचा ओटा होता. तिच्याशी घासाघीस करायला आलेला माणूस मासळी घेऊन आणि वर चार शिव्या खाऊन, पण खूश होऊन जायचा. मात्र वर्षानुवर्षं बर्फात हात घालून तिची बोटं फुटली. रात्री ती हात उशीवर उताणे ठेवून झोपायची. शेवटी ओटा जावेला दिला आणि फिनेल करायला घेतलं. मुंबईहून आणलेला अर्क पिंपातल्या पाण्यात ओतायचा, की पाणी दुधासारखं पांढरं होतं. बाटल्या भरायच्या, पाटीत घालायच्या आणि मासळीच्याच सुरात ओरडत आळ्या पालथ्या घालायच्या. फिनेल बंद पडलं तर परत बर्फात हात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि पनवेलकरांना अचानक स्वच्छतेचा उमाळा आला. ज्यांनी गटाराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते गटाराला नाव घेऊन शिव्या देऊ लागले. सखूबाईची पाटी दुपारच्या आत रिकामी. त्याच सुमाराला तिची लेबलं संपली. छापखान्याचे दाजी उदार माणूस. शाई दुसऱ्याची असली की जास्तच. "नुसतं फिनेल काय छापायचं, सखू?" म्हणत त्यांनी ठसठशीत छापलं: 'जंतुनाशक! प्लेग व पटकीवर रामबाण!' सखूबाईला वाचता येत होतं, पण तिने पाहिलं ते फक्त रंग लाल आला की नाही.

प्रदीपशेठच्या दुकानात कंपनीचं फिनेल धूळ खात होतं. त्याने मात्र लेबल नीट वाचलं आणि तक्रारीचा अर्ज ठोकला.

औषध खात्याचे कृष्णकांतसाहेब आले. बारीक अंगाचे, आवाज त्याहून बारीक.

"बाई, हे औषध कुठल्या परवान्यावर बनवता?"

"औषध कंचं? फिनेल हाय ते."

"इथं 'जंतुनाशक' लिहिलंय. जंतू मारतं म्हणून विकलं की कायद्याने ते औषध. त्याला परवाना लागतो, शिकलेला माणूस लागतो, तपासणी लागते. फरशी साफ करतं एवढंच लिहिलं असतंत तर मी आलोच नसतो."

"बाटली तीच, पानी तेच. मंग एका शब्दानं औषध झालं?"

"एका शब्दानंच. जंतू मारतं न म्हणता नुसते कमी करतं म्हटलंत, तरी मला यावं लागेल."

सखूबाईने पदर खोचला. "म्हंजे एक बाई घर झाडते, एक शेजाऱ्याला दम देते, नि एक मुडदा पाडते. झाडनारीला सोडून बाकी दोघींची चौकशी."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "आणि त्या शब्दावर भरवसा ठेवून उद्या कुणी पटकीच्या रोग्याचं अंथरूण पुसलं, आणि तुमचं पाणी जास्त पडलेलं असलं, तर?"

सखूबाईने शिवी न देता बाटली उचलली आणि लेबल पहिल्यांदाच नीट वाचलं. असं कधी होत नसे, म्हणून तमाशा बघायला जमलेली गर्दी आणखी जवळ सरकली.

"शब्द काढा. परत दिसला तर पिंपाला सील," एवढं बजावून साहेब गेले.

प्रदीपशेठ लगेच समजूत घालायला आला. "माझ्या बाटल्या फिरून विक ना. कायद्याची कटकट नाही."

"तुज्या बाटल्या तुज्या डोक्यावर घे," सखूबाई म्हणाली, "डोकं तरी कामाला येल."

तिने डांबराचा ब्रश घेतला आणि प्रत्येक बाटलीवरचा जंतू, प्लेग आणि पटकी काळी केली. दुसऱ्या दिवशी आळीत नवी आरोळी आली: "फरशी पुसायचं पानी घ्याऽऽ! जंतू मारायची आमाला परवानगी नाय होऽऽ! मेले तं आपल्या कर्मानं!"

बायका खिडक्यांतून हसून बेजार. ज्यांनी कधी फिनेल घेतलं नव्हतं त्यांनीही ही डांबर फासलेली बाटली घेतली. प्रदीपशेठने पुन्हा अर्ज केला की बाई आता तोंडाने जंतू विकते.

ऑक्टोबरच्या भर उन्हात साहेब परत आले, या वेळी लाखेची कांडी घेऊन. सखूबाईच्या ओसरीपुढच्या पिंपासमोर उभे राहिले.

"जंतूंचं नाव घेता म्हणे?"

"घेते. मारते म्हनते का? नाय मारत म्हनते. नाय म्हनायला बी परवाना लागतो तं द्या, त्यो बी भिंतीला लावते!"

"दवाखान्यांना देता का हे?"

"मागाय आलते. दिलं नाय. तिथं जखमी मानसं असतात, नि मी पानी डोल्यानं मापते. तुमच्या परवान्यावालं घ्या म्हटलं. पन घरची फरशी पुसायला मी कुनाला इचारनार नाय, तुमाला बी नाय. लावा सील! उद्या दुसरं पिंप आनीन, त्याच्यावर बी हेच ओरडीन!"

साहेबांनी एक बाटली उचलली, डांबराखालची अक्षरं उजेडात धरून पाहिली. एकही वाचता येईना. लाखेची कांडी त्यांनी पिशवीत परत टाकली, कपाळाचा घाम पुसला आणि ओसरीवर बसले. समोरच्या दुकानातून प्रदीपशेठ मान लांब करून पाहतच होता.

सखूबाईने साहेबांना पेल्यातून दिलं ते ताक होतं. ते पिऊन, ओठांवरचा पांढरा फेस तसाच ठेवून, साहेब स्कूटरवरून घरी गेले.