गिरिजम्मांचं शीर्षासन

म्हैसूरच्या अग्रहार वस्तीत नंजुंडस्वामींना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानथोर सगळ्यांचे ते 'योगा मेष्ट्रु'. मास्तरकी अंगात अशी मुरलेली, की रस्त्याने पुढे चालणाऱ्या माणसाचा एक खांदा खाली असला तर यांच्या हातांना चैन पडत नाही. एकदा बसस्टॉपवर त्यांनी एका अनोळखी गृहस्थाचे खांदे मागून धरून सरळ केले. तो खिसेकापू समजून ओरडला, चार माणसं जमली. पुढे तोच गृहस्थ त्यांच्या क्लासला येऊ लागला. खिसा जपायला येतो, असं गिरिजम्मा म्हणायच्या.

गिरिजम्मा म्हणजे मेष्ट्रुंची बायको.

मेष्ट्रुंचं सांगणं एकच. योग चटईवर करायचा नसतो, चटईवर फक्त त्याची उजळणी करायची. रेशनच्या रांगेत उभे आहात ना, मग वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन गळतंय, तोवर श्वास मोजा. कोपऱ्यावरची फूलवाली पुट्टम्मा हातभर मोगरा मोजून द्यायची तेव्हा तिलाही ते सांगायचे, "अम्मा, कंबरेतून वाकू नका, गुडघे दुमडा." पुट्टम्मा म्हणायची, "मेष्ट्रु, मी गुडघे दुमडले तर उठवायला तुम्हीच या." पण दुमडायची. आमच्या गल्लीत नळावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या पाठी अजून सरळ आहेत, त्या या माणसामुळे.

त्यांचं स्वतःचं आयुष्यही असंच सरळ झालेलं. वडील लग्नकार्यांत स्वयंपाक करायचे. नंजुंड त्यांच्याबरोबर चुलीपाशी वाढला आणि धुराने दम्याचा धनी झाला. रात्र रात्र बसून काढायचा. कुणीतरी त्याला एका वृद्ध गुरुजींकडे नेऊन घातलं. गुरुजींची पद्धत जुनी. एक आसन द्यायचं, ते पुरतं लागलं की पुढचं. तोवर नाही. मग तुम्ही कुणाचे का असाना. नंजुंड एका आसनावर इतका अडकला, की बरोबरची पोरं पार शेवटापर्यंत पोचली आणि कंटाळून सोडूनही गेली. हा थांबला. एके दिवशी आसन लागलं, आणि त्याच सुमाराला दमाही गेला. दोन्ही एकाच दोरीने बांधलेले होते अशी त्याची खात्री पटली. माणसाला ज्याने श्वास मिळाला तो नियम तो कसा मोडणार?

आपल्या घराच्या माडीवर, लाल गुळगुळीत जमिनीवर, त्यांनी हाच नियम पुढे चालवला. नवं आसन द्यायचा मोठा दिवस विजयादशमीचा. आदल्या दिवशी चटयांना कुंकू लागायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, मिरवणुकीची जागा धरायला लोक पळायच्या आत, मेष्ट्रु रांगेतून फिरत एकेकाला पुढचं आसन द्यायचे.

या रांगेत शेवटी, जिन्याच्या दाराशी, गिरिजम्मा बसायच्या. कुकरची शिट्टी ऐकू यावी म्हणून. दोन्ही मुलगे नोकरीला बंगळूरला गेले तेव्हा त्यांनी सुरुवात केली. तोवरचा त्यांचा योग रुब्बुगल्लावर, म्हणजे दगडी रगड्यावर, इडलीचं पीठ वाटण्यात होत असे. वयाच्या पन्नाशीत त्यांनी शिंप्याकडून आयुष्यातला पहिला सलवार-कमीज शिवून घेतला आणि शेजारणींना दिसू नये म्हणून गच्चीऐवजी न्हाणीघरात वाळत घातला.

हे सगळं त्यांनी एका शीर्षासनासाठी केलं होतं. लहानपणी श्रीरंगपट्टणला नदीच्या वाळूत त्यांचे भाऊ डोक्यावर उभे राहायचे. परकर नेसलेली गिरिजा काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायची. तेव्हापासून मनात होतं, एकदा आपणही उलटं व्हावं.

पण शीर्षासन येतं सर्वांत शेवटी, आणि गिरिजम्मा अडकल्या मरीच्यासनात. एक गुडघा छातीशी घ्यायचा, त्याला हाताने वेढा घालायचा आणि पाठीमागे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायची. गिरिजम्मांची बोटं एकमेकांकडे यायची, थरथरायची आणि चार अंगुळं आधीच थांबायची.

दर दसऱ्याला तोच संवाद.

"यंदा?"

"बोटं?"

"आहेत तिथेच आहेत."

"मग पुढल्या दसऱ्याला बघू."

इतर कुणी इतकं अडकलं असतं तर मेष्ट्रु कदाचित पाघळले असते. पण घरचंच माणूस. लोक म्हणतील, मेष्ट्रुंनी बायकोला न शिकताच पास केलं. या धास्तीने ते तिच्याशी दुप्पट कडक वागत आणि त्यालाच न्याय समजत.

मग क्लासला येणारे बँकेचे मॅनेजर सोमशेखर यांची हुबळीला बदली झाली. त्यांचं पोट असं, की बोटांना पाठीमागे एकमेकांचा पत्ताच लागत नसे. शेवटच्या दिवशी ते काकुळतीला आले, "मेष्ट्रु, जाताना एकदा." मेष्ट्रुंनी त्यांना भिंतीशी नेऊन उलटं केलं, पाय धरून ठेवले. तेवढ्यात गिरिजम्मा कॉफी घेऊन जिना चढून आल्या. त्यांनी ते दृश्य पाहिलं.

"साहेबांची बोटं भेटली वाटतं," त्या म्हणाल्या.

"नाही हो अम्मा," साहेब खालून म्हणाले, "मेष्ट्रुंचं मन मोठं."

"ते तर आहेच. कॉफी सरळ झाल्यावर प्या."

दुपारी त्यांनी नेहमीसारखी भातावर हुळी वाढली. मेष्ट्रुंनाच राहवलं नाही.

"अगं, त्याची बदली झालीय. तो परत कुठला यायला."

"मी काही म्हटलं का?"

"तू काय, तू तर इथेच आहेस. तू कुठे जातेस?"

हे ते मायेने म्हणाले होते. जगातलं सगळं बदलून जाईल, एक गिरिजा जागेवर असेल, असा त्यात विश्वास होता. आज मात्र ते वाक्य आठवलं की त्यांना ते तोंडात परत घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर काही वर्षांनी गिरिजम्मांच्या हातून कॉफी पेल्याच्या बाहेर सांडू लागली. दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसतात म्हणाल्या. मेष्ट्रुंनी आधी डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायला सांगितले. मग दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शाल्मला ही लहानपणी त्यांच्याच माडीवर शिकलेली. तिने तपासलं, पुन्हा तपासलं.

"डोळ्यांतला दाब वाढलाय. काचबिंदू. गेली ती कडेची नजर परत येणार नाही, पण उरलेली राखू. हे थेंब रोज घालायचे, चुकवायचे नाहीत. आणि अम्मा, डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. शीर्षासन तर कायमचं बंद."

मेष्ट्रु चपलेच्या पट्ट्याकडे पाहू लागले.

"अवघड जाईल तुम्हाला," शाल्मला म्हणाली, "मेष्ट्रुंच्या घरात इतक्या वर्षांची सवय."

"जाईल थोडं," गिरिजम्मा म्हणाल्या. "पण सोडते."

परतताना रिक्षा चौकात सिग्नलला थांबली. मेष्ट्रु म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? मेष्ट्रुंच्या बायकोला अजून मिळालंच नाही म्हणून? ती पोरगी काय म्हणेल तुम्हाला."

"म्हणू दे ना."

"तुम्हाला चालेल. मला नाही चालत."

यंदा देणारच होतो, असं मेष्ट्रु आता स्वतःला सांगतात. खरं असेलही. पण दर वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात त्यांचं मन असं मऊ व्हायचं आणि विजयादशमीच्या पहाटे पुन्हा ताठ व्हायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

विजयादशमी आली. मेष्ट्रु रांगेतून एकेकाला आसन देत शेवटी दाराशी आले.

"मरीच्यासन झालं की थांबू नकोस. डोकं खाली जात नाही ती पुढची सगळी घे."

"बोटं लागली नाहीत."

"राहू दे ती बोटं."

गिरिजम्मांनी आसनं घेतली. बरीचशी पहिल्याच खेपेला बरी जमली. त्यांना ती आधीपासून जमली असती हे मेष्ट्रुंच्या अनुभवी नजरेला लगेच कळलं, आणि ते खिडकी उघडायला गेले. शेवटी ज्यांना शीर्षासन मिळालं होतं ती सगळी रांग वर गेली. गिरिजम्मा पाय पसरून, मांडीवर हात ठेवून त्या उलट्या रांगेकडे बघत बसल्या.

मंडळी मिरवणुकीतले हत्ती बघायला पांगली. माडीवर दोघंच उरली.

"उलटं झालं की काय दिसतं हो?" गिरिजम्मांनी विचारलं.

कोपरं किती अंतरावर, वजन कुठे, श्वास कसा, हे मेष्ट्रुंनी दोन पिढ्यांना शिकवलं होतं. पण नजर नाकाच्या शेंड्यावर ठेवायची हाही नियमच. त्यापलीकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"विशेष काही नाही."

"असं कसं? माझा धाकटा भाऊ म्हणायचा, नदी आभाळातून वाहते."

मेष्ट्रुंनी चटई ओढली. बोटं गुंतवली, डोकं टेकवलं, पाय वर नेले आणि जन्मात पहिल्यांदा नाक सोडून समोर बघितलं.

"सांगा ना."

"पंखा जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो."

"आणि?"

"लाल छत. तुळतुळीत."

"आणि?"

त्या छताला एक बाई बसलेली होती. मान थोडी वाकडी करून, उरलेल्या नजरेच्या टप्प्यात त्यांना आणत, ती तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती. काठावर कपडे सांभाळणारी पोर बघेल तशी.

"आणि तू."

"मी कशी दिसते?"

मेष्ट्रुंनी पाय खाली घेतले. शीर्षासनानंतर लगेच उठायचं नसतं, कपाळ जमिनीला टेकून काही वेळ पडून राहायचं असतं. त्या दिवशी ते नियमापेक्षा बरेच जास्त पडून राहिले. गिरिजम्मांनी थोडी वाट पाहिली, मग कठड्याला धरून, पायरी चाचपत, कुकर लावायला खाली उतरल्या.