मागं पाठवलं तर

ती मोबाईल नाकानं चालवायची. हसू नका, खरं सांगतो. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची बोटं दिवसभर तिखट असतात. ती बोटं काचेला लागली की काच तिखट, आणि तीच काच कानाला लावली की कान पेटतो. म्हणून मोबाईल समोर डब्याला टेकवून ठेवायची, आणि एक भाग संपला की वाकून नाकाच्या शेंड्यानं पुढचा लावायची. गाय गव्हाणीत तोंड घालते तशी.

आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी हातमाग होते. आता एकाही घरात नाही. माझा माग बापाबरोबर गेला. मी हिंगण्याला कारखान्यात राबलो आणि म्हातारा झालो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, लिहिण्यात चूक दिसली तर पोटात घाला. गल्लीच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याचं टिनाचं शेड आहे. भिवापूरकडून मिरचीची पोती येतात, बाया बसून देठ खुडतात. ती त्यांच्यातली. सासर उमरेडचं. पोरींची लग्नं झाल्यावर नवऱ्यानं घरात दुसरी आणून बसवली आणि ही इथं भावाकडे आली. भावाचं घर माझ्या घराला लागून. तिचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

ती पाहायची चीनच्या सिरियली. जुन्या काळच्या, राजवाड्यातल्या, बोलणं सारं हिंदीत. पुरुषांचे केस कमरेपर्यंत, बायांच्या डोक्यावर झुंबर. सिरियल कोणतीही असो, सुरुवात एकच. चांगल्या घरची बाई नवऱ्यासाठी जीव टाकते, नवरा दुसरीच्या नादी लागून तिला विष पाजतो, बाई मरते. आणि डोळे उघडते तेव्हा पुन्हा सोळा वर्षांची, बापाच्या घरी, लग्नाच्या आधी. मागचं सारं ध्यानात. मग एकेकाचा हिशेब.

चिनी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती. राजाची आई 'बुढी', राजपुत्र 'लांबकेश्या'. आणि सवत कोणत्याही सिरियलमध्ये असो, तिचं नाव 'उमरेडवाली'.

"आज उमरेडवालीले भर दरबारात थापड बसली, भाऊ!" ती मला रस्त्यातूनच ओरडून सांगायची. महिन्याचं राशन फुकट मिळाल्यासारखा आनंद.

एकदा मी म्हटलं, "आपल्याकडं काय कमी पुनर्जन्म हाय? तिकडले काहून पाहते वं?"

"आपला काय कामाचा?" ती म्हणाली. "आपल्यात मागलं काही आठवतच नाही. कुत्रा होऊन या, नाही तं नवरा होऊन या, सारखंच. त्यायचं बरं हाय. मेली तं तीच बाई, तेच घर, अन् अक्कल सारी जाग्यावर."

भेटेल त्याला ती एकच प्रश्न विचारायची. "तुमाले मागं पाठवलं, तं कोणत्या दिवशी जासान?" दूधवाला म्हणाला, मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरच्या दिवशी. तिचा भाऊ नुसता उठून गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी फक्त संडासले जातो. सरक." ती हसून हसून पोत्यावर पडली.

मग माझी बायको आजारी पडली. धंतोलीच्या दवाखान्यात फेऱ्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं. माझी पोरं बाहेरगावी. येऊन-जाऊन. संध्याकाळी शेड सुटलं की ही यायची, खाटेजवळ बसायची आणि दोघी मिळून पाहायच्या. रडण्याचा सीन आला की हिच्या डोळ्यांतून धारा, पण हात तिखट, पुसणार कशानं? तेव्हा माझी बायको, जिला स्वतःचा पेला उचलवत नव्हता, ती पदर पुढं करून हिचे डोळे पुसायची. मी दाराबाहेर खुर्चीवर. आत बसलो की दोघी गप्प व्हायच्या.

बाहेर बसून सारं ऐकू यायचं. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. जिवंत झालेली बाई पहिलं काम काय करते? जुना नवरा काढून टाकते. लग्नाचा कागद फाडते, नारळ परत पाठवते, काय त्यांच्यात असेल ते. प्रत्येक सिरियलमध्ये. आणि माझी बायको आतून म्हणायची, "बरं केलं."

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, सिरियल ती. हो. पण तुमची बायको मरायला टेकलेली असताना ती रोज संध्याकाळी "बरं केलं" म्हणते, हे जरा बाहेर बसून ऐकून पाहा.

एका संध्याकाळी आत हिनं बायकोलाही तोच प्रश्न विचारला. "वहिनी, तुमाले पाठवलं तं?" मी कान दिला. बायको हळू काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली. मग एकदम दोघींची किंकाळी. मला वाटलं, संपलं. आत धावलो. पाहतो तर बायको डोळे गच्च मिटून तडफडते आहे आणि ही दोन्ही हात वर करून नाचते आहे. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हिनं विसरून आपल्याच हातानं पुसलं. मिरचीच्या हातानं! मी पाण्याचा तांब्या आणला, तर दोघींनी मलाच झापलं.

"थंडं पाणी काहून आणलं? दूध आणा, दूध!"

दुधात बोळा बुडवून डोळ्यांवर ठेवला. दोघी हसत होत्या. मी विचारलं, "काय बोलून राहिल्या होत्या?"

"काही नाही," बायको म्हणाली. "तू गप वं," असं तिलाही म्हणाली.

थोड्याच दिवसांत बायको गेली.

लोक आले, जेवले, गेले. माझ्या डोक्यात मात्र एकच. डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या आधी आलं होतं. मी तसं हिला विचारलं. तेरवीची भांडी घासत होती.

"मेलेल्या बाईचं बोलणं सांगत नसते, भाऊ."

"मी तिचा नवरा हाय."

"म्हणूनच नाही सांगत."

असं तिनं मला वर्षभर टोलवलं. मी शेडच्या दारात स्टूल टाकून बसू लागलो. तिच्याबरोबर सिरियली पाहिल्या. म्हटलं, कधीतरी हिच्या तोंडून निसटेल. निसटलं नाही. उलट मलाच नाद लागला. ती म्हणायची, "भाऊ, तुमचे हात साफ हाय, लावा पुढचा." मी लावायचो.

एकदा मी तिलाच विचारलं. "साऱ्या दुनियेले मागं पाठवते. तू कोणत्या दिवशी जाशीन?"

देठ खुडता खुडता ती थांबली. "उमरेडचे पाहाले आले होते त्या दिवशी. चहात मीठ टाकीन." मग पुढची मिरची उचलत म्हणाली, "पण मंग माह्या पोरी कुठून येतीन? त्या चिनी बायायले पहिल्या टाइमले पोरंच नसते. म्हणून जमते त्यायले."

मग उमरेडहून फोन आला. नवऱ्याला लकवा मारला होता. खरी उमरेडवाली तिच्या माहेरी निघून गेली होती. करणारं कोणी नाही. दीर फोनवर रडत होता.

ती निघाली. मी खूप बोललो. जे तोंडात आलं ते. "एवढ्या सिरियली पाहून हेच शिकली? तुले तं मरा न लागता दुसरा चान्स भेटला होता. विष पाजणाऱ्याले पेज पाजाले चालली!"

ती बोचक्याला गाठ मारत होती. "तिकडं राजवाडा असते भाऊ, नोकर असते. इथं तो हागून पडला हाय."

ऑटो आला. बोचकं आत टाकलं, स्वतः बसली, आणि मग म्हणाली, "आता सांगून टाकते. इथं परत येते का नाही, काय मालूम."

मी ऑटोचा दांडा धरला.

"वहिनी म्हणे, मले नको पाठवू कुठं. मी तं सारं बरोबरच केलं. यायलेच पाठव. मी बापाच्या घरी बसली राहीन. हे पाहाले येतीन, पोहे खातीन. अक्कल घेऊन आले, तं हो म्हणीन."

"अन् नाही आणली तं?"

"ते बोललीच नाही. एवढं बोलून असं हसली, असं हसली, का डोळ्यात पाणी आलं. मी पुसाले गेली."

ऑटोवाल्यानं चाबी फिरवली. मी दांडा सोडला.

घरी येऊन बसलो. दिवसभर ते वाक्य चघळलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, 'हो म्हणीन' होतं की 'पाहीन' होतं? दोघांत फार फरक आहे. लग्न जमवलेल्या माणसाला विचारा. आठवडा काढला, मग उमरेडला फोन लावला.

"भाऊ, बोला लवकर," ती म्हणाली.

"ते वहिनीचं पुन्हा एकदा सांग. अक्कल घेऊन आले तं, पुढं काय म्हणे?"

"ते होय..." ती सांगायला लागली. तेवढ्यात मागून पुरुषाचा आवाज आला. धड शब्द नाही, नुसता घोगरा ओढलेला सूर. तिला तो समजला. फोन बंद केला नाही तिनं, नुसता खाली ठेवला. मी कानाला लावून बसलो. सिरियलचा आवाज नव्हता. माठावरचं झाकण वाजलं, पेला भरला, चप्पल घासत ती परत आली.

"हळू प्या," ती म्हणाली, मला नाही. "ठसका लागन."