रिॲक्टरचं पोट

“तू जरा दाराबाहेर उभा राहा. पूजा होऊ दे.”

साहेब हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातात झेंडूची माळ होती. ती त्यांनी घेतली नाही. “तिथं कट्ट्यावर ठेव,” म्हणाले. शिपायानं दुसरी माळ आणली.

खंडेनवमीचा दिवस. लोणावळ्याच्या अलीकडे आमचा कारखाना. एरंडेल तेलात दाबाखाली हायड्रोजन सोडून त्याचं मेण करायचं आणि ते ग्रीस बनवणाऱ्यांना विकायचं, हा धंदा. हे सगळं घडतं रिॲक्टरमध्ये. म्हणजे दोन पुरुष उंचीची बंद पोलादी टाकी. पण आत निकेलची भुकटी पडल्याशिवाय तेल ढिम्म हलत नाही. ती भुकटी म्हणजे उत्प्रेरक. कारखान्यात सगळे कॅटॅलिस्ट म्हणत. तो बनवणारा मी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. आमच्या वस्तीतला पहिला.

निकेलचे कण जितके बारीक तितकं काम जलद. तो सगळा पावसाळा मी त्या कणांच्या मागे होतो. निकेलच्या द्रावणातून साका, म्हणजे गाळ, पाडायचा, धुवायचा, वाळवायचा, हायड्रोजनच्या झोतात तापवायचा. आच जरा चढली की कण एकमेकांना चिकटून जाड होतात. केलेलं सगळं मातीत. शेवटी जमलं. तेल पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर जमायला लागलं. मालक मुद्दाम मुंबईहून आले. म्हणून त्या वर्षी पहिला मान रिॲक्टरला.

मी दाराबाहेरून पाहिलं. साहेब आमचे मुख्य केमिस्ट. त्यांनी रिॲक्टरच्या तोंडाला कुंकू लावलं. माणसाला आत उतरता यावं म्हणून वर गोल तोंड असतं, झाकणाचं. त्या तोंडातून आजवर मीच उतरत आलो होतो. आतल्या नळ्यांना मेण धरतं, त्यात निकेल अडकतं, ते खरवडून काढावं लागतं. पहिल्या वेळी साहेब म्हणाले होते, “तूच उतर. तुमच्या लोकांना सवय असते.” शेजारचा केमिस्ट हसला होता. मी पँट दुमडली आणि उतरलो. वाटलं, माझाच कॅटॅलिस्ट आहे, कुठं कसा चिकटतो ते बघायला मिळेल.

बघितलं. मन लावून बघितलं.

आता त्याच तोंडाला कुंकू, आणि मी दाराबाहेर.

दुसऱ्या दिवशी दसरा. कारखाना बंद. मी देहूरोडला घरी गेलो. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा आबांनी घरातले देव फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडले होते. आबा म्हणजे माझे वडील, लष्कराच्या डेपोत मजूर. ते बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावत होते. मी पूजेचं सगळं सांगितलं.

“पूजेत उभं केलं न्हाई, म्हनून तोंड पाडून बसलास व्हय?”

“आबा, काम माझं होतं.”

“देव आपुन सोडलं ना? मग त्येंच्या पूजेत तुला काय पायजे? खोबऱ्याचा तुकडा?”

आबांनी काडी विझवून विचारलं,

“त्या टाकीत कोन उतरतं?”

“मीच.”

“तूच का?”

साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. आबा माझ्याकडं वळले.

“ह्ये तू आज सांगतोस? मी पाठीवर पेट्या वाहिल्या त्या तू उतरू नये म्हनून. तू उतरलास. त्येची तुला लाज न्हाई वाटली. पूजेची वाटली!”

धम्म घेतला तो हाच दिवस, म्हणून घरात गोडाचं जेवण होतं. मी ताट तसंच सरकवलं.

कारखाना उघडला. रिॲक्टर रिकामा करून झाकण काढलं होतं. कुंकू अजून तसंच. साहेब म्हणाले, “चल, उतर.”

“उतरणार नाही.”

“म्हणजे?”

“मी केमिस्ट आहे.”

“अजून कायम झालेला नाहीस. विसरलास वाटतं?”

विसरलो नव्हतो.

“शिकून मस्ती चढली,” साहेब शिपायाला म्हणाले. “दगडूला हाक मार.”

दगडूभाऊ कार्ल्याच्या वरच्या वाडीतले, रोजंदारीवर. आले आणि डोक्याला फडकं बांधायला लागले. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात भाऊ हसून म्हणाले, “द्या ती पटाशी. आमाला काय, सवय हाय.”

साहेबांचाच शब्द. माझ्या डोक्यावरून उचलून दगडूभाऊंच्या डोक्यावर ठेवला, आणि मी मोकळा उभा!

मी शिडी चढलो. त्या उघड्या तोंडावर पाय आडवा टाकून बसलो.

“भाऊ, थांबा. हायड्रोजन हाकलायला सोडलेला नायट्रोजन आत आहे. त्याला ना वास, ना रंग. माणूस खाली वाकतो तो उठत नाही.”

“आन् तुमी कसं उतरत व्हता?”

“आधी पंखा लावून हवा खेळवायचो. तुमच्यासाठी कुणी पंखा आणलाय का, बघा.”

भाऊंनी आजूबाजूला बघितलं. कुणीच आणला नव्हता. त्यांनी पटाशी जमिनीवर ठेवली.

मी साहेबांना म्हणालो, “हवा खेळवा. कमरेला दोर, वर माणूस. आणि पाळी लावा. पहिली तुमची. दुसरी माझी.”

“खाली ये. नाहीतर गेटबाहेर हो.”

दुपारी मी गेटबाहेर होतो.

पुढं दगडूभाऊ उतरले म्हणे. पंखा लावून घेतल्यावर, पण उतरले. पोट कुणाला चुकलंय? आणि पाळी काही लागली नाही. म्हणून तो दिवस मी जिंकलो असं मी कुणाला सांगत नाही.

आज दुसऱ्या कारखान्यात रिॲक्टर माझ्या हाताखाली चालतो. खंडेनवमीला नारळ आला की मी आपणहून बाहेर जातो. मला कुणी सांगायची गरज नाही. पण झाकण उघडलं की मी शिडीवर असतो. सवय आहे म्हणून इथं कुणी उतरणार नाही. पाळीनं उतरायचं, आणि पाळी वरच्या खुर्चीपासून सुरू होईल. खुर्चीला जमत नसेल तर टाकी बंद राहील.

धरू दे नळ्यांना मेण.